उरलेले तीन बॉयलर: १९७१ सालच्या ३०० स्क्वाड्रनचं एक प्रकरण

बॉयलरच्या ड्रममध्ये शिरताना मॅनहोलमधून आधी हात जातात, मग डोकं, मग खांदे तिरके करून उरलेला माणूस. आत पालथं पडून टॉर्च लावायचा. वेल्डच्या कडेला फासलेला लाल डाय पुसून त्यावर पांढरा डेव्हलपर मारायचा आणि गप पडून राहायचं. धातू अखंड असेल तर पांढरं पांढरंच राहतं. चीर असेल तर थोड्या वेळात केसाएवढी लाल रेघ वर येते. ती दिसली की आतल्या माणसाला बाहेर यायची घाई राहत नाही. बाहेर जे सांगायचं असतं, ते कोणालाच ऐकायचं नसतं.

नागपूरजवळच्या एका औष्णिक वीज केंद्रात माझी नोकरी अशा ड्रममध्ये आणि ड्रमबाहेर गेली. समुद्राशी माझा संबंध मुंबईला लग्नकार्याला गेल्यावर चौपाटीवर भेळ खाण्यापुरता. त्यामुळे विमानवाहू नौकेवरच्या लढाऊ स्क्वाड्रनवर मी काही लिहीन असं कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो. कारण झाली आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी. ती एनसीसीच्या नौदल विंगमध्ये आहे, सकाळी अंबाझरी तलावात होडी वल्हवते आणि एसएसबीची, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतीची तयारी करते. तिच्या क्लासमध्ये प्रत्येकाला एक स्क्वाड्रन दिलं होतं. त्याचा इतिहास वाचायचा आणि त्यातला एकच प्रसंग उलगडून सांगायचा. हिच्या वाट्याला आलं भारतीय नौदलाचं ३०० क्रमांकाचं स्क्वाड्रन, ‘व्हाइट टायगर्स’.

“काका, तुम्हाला बॉयलर समजते ना? मग हे पाहून द्या.”

वहीत चार पानं विमानांची होती. वेग, तोफा, पदकं. मधेच एक ओळ: जहाजाचा एक बॉयलर बंद असूनही स्क्वाड्रनने कामगिरी बजावली. मी तिला म्हटलं, तुझं प्रकरण या ओळीत आहे, बाकीची चार पानं त्याची प्रस्तावना. आणि ही ओळही अर्धीच खरी आहे.

स्क्वाड्रन आणि त्याचं घर

३०० स्क्वाड्रन उभं राहिलं ते भारतात नाही, वेल्समधल्या ब्रॉडी इथल्या ब्रिटिश नौदलाच्या तळावर, जुलै १९६० मध्ये. विमान होतं सी हॉक. एक आसन, एक रोल्स-रॉईस नीन जेट इंजिन, नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा, आणि जहाजाच्या पोटातल्या हँगरमध्ये मावावेत म्हणून दुमडणारे पंख. घर अजून तयार व्हायचं होतं. ‘हर्क्युलिस’ नावाचा एक सांगाडा ब्रिटिशांनी १९४५ मध्ये पाण्यात सोडला होता आणि युद्ध संपल्यावर तसाच ठेवून दिला होता. तो भारताने १९५७ मध्ये घेतला, बेलफास्टला पुरा करून घेतला आणि ४ मार्च १९६१ रोजी तो ‘विक्रांत’ म्हणून नौदलात आला. त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट राम तहिलियानी यांनी विक्रांतच्या डेकवर सी हॉक उतरवलं. भारतीय वैमानिकाने आपल्या विमानवाहू नौकेवर उतरण्याची ती पहिली वेळ. तहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर स्क्वाड्रन म्हटलं की सोनेगावची धावपट्टी येते. तिथे धावपट्टी जागची हलत नाही आणि विमानाला तिच्याकडून काही लागत नाही, फक्त लांबी लागते. जहाजावर लांबीच नसते. विक्रांत अख्खी २१३ मीटर, त्यातही उडायला मिळणारा तुकडा छोटा. जी लांबी कमी पडते ती तीन गोष्टींनी भरून काढायची: वाऱ्याने, वाफेने आणि उतरताना तारेने. वारा पुरेसा नसेल तर जहाज वाऱ्याच्या तोंडावर पळवून तो तयार करायचा. वाफ म्हणजे कॅटपल्ट, गलोल म्हणा. तार म्हणजे डेकवर आडव्या ताणलेल्या अरेस्टर वायर, ज्यांत विमानाच्या शेपटीखालचा हूक अडकतो.

आता यातल्या पहिल्या दोन्हींच्या मागे कोण उभं आहे ते बघा. जहाज पळतं टर्बाइनवर, टर्बाइन फिरतं वाफेवर. कॅटपल्टही त्याच वाफेवर. कॅटपल्टची वाफ तर एकदा वापरली की वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरकडे परत येत नाही, हवेत जाते. म्हणजे प्रत्येक उड्डाणामागे बॉयलरला लागणारं शुद्ध पाणीही थोडं कमी होतं, आणि समुद्रात ते पाणी खारं पाणी उकळूनच करावं लागतं. त्यालाही पुन्हा वाफ. वैमानिकाचं नाव पेपरात येतं, पण त्याला हवेत फेकणारा माणूस चार मजले खाली घामाघूम होऊन गेज बघत उभा असतो. हे मी आमच्या जातभाईंची बाजू घेऊन लिहितोय, हे कबूल.

१९६१ च्या गोवा मोहिमेत विक्रांत समुद्रात होती. १९६५ च्या युद्धात मात्र ती दुरुस्तीसाठी मुंबईत होती, आणि घरच गोदीत म्हटल्यावर डेकवरून उडणाऱ्या स्क्वाड्रनला स्वतःचं काम उरलं नाही. ही बोच नौदलात किती खोल गेली होती ते पुढे कळतं.

१९७०: लाल रेघ

विक्रांतला चार बॉयलर, ॲडमिरल्टी तीन-ड्रम जातीचे. वर एक स्टीम ड्रम, खाली डावी-उजवीकडे दोन वॉटर ड्रम, मधे नळ्यांच्या भिंती आणि त्या त्रिकोणाच्या पोटात आग. आमच्या केंद्रातल्या दहा मजली धुडापुढे हे खेळणं वाटेल, पण तत्त्व तेच: पाणी नळ्यांत, आग बाहेर, वाफ वरच्या ड्रममध्ये जमा.

जून १९७० मध्ये विक्रांत मुंबईच्या नौदल गोदीत होती, कारण बॉयलरच्या वॉटर ड्रममध्ये आतून चिरा सापडल्या होत्या. धातू थकून पडलेल्या चिरा. गरम-थंड, गरम-थंड असं वर्षानुवर्षं झालं की धातू आतल्या आत सुटायला लागतो. वेल्डिंगने भागण्यासारखं नव्हतं. देशात तसे ड्रम मिळत नव्हते म्हणून ब्रिटनकडे चार नव्या ड्रमची ऑर्डर गेली आणि पुढचा आदेश येईपर्यंत बॉयलर पेटवू नका, असं मुख्यालयाने कळवलं.

ट्यूब फुटणं आणि ड्रमला चीर जाणं यातला फरक लोकांच्या लक्षात येत नाही. ट्यूब फुटली तर युनिट बंद करायचं, तेवढा तुकडा कापायचा, नवा जोडायचा, हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची आणि तीन-चार दिवसांत पुन्हा लाइट-अप. मनस्ताप होतो, भीती वाटत नाही. ड्रमचं तसं नसतं. ड्रम म्हणजे बॉयलरचा कणा. त्यात दाबाखालचं इतकं उकळतं पाणी असतं की तो फाटला तर एका क्षणात त्याची वाफ होते आणि त्या खोलीत सांगायला कोणी उरत नाही. आमच्या बॉयलर इन्स्पेक्टरने असा ड्रम बघितला असता तर सर्टिफिकेट जागेवर गेलं असतं आणि चहाही न घेता तो निघून गेला असता.

महिनोन्महिने जहाज जागेवर. पूर्व पाकिस्तानात परिस्थिती चिघळत होती आणि नवे ड्रम आलेले नव्हते.

चार महिन्यांतले निर्णय

२६ फेब्रुवारी १९७१ रोजी जहाज धक्क्यावरून हलवून नांगरावर नेलं. १ मार्चला कमी दाबावर बॉयलर पेटवले आणि त्याच दिवशी कॅटपल्टचीही चाचणी घेतली. हा क्रम मला फार आवडतो. जहाज नीट चालतं की नाही हे बघायच्या दिवशीच गलोल चालते का तेही बघून घेतलं, कारण गलोल चालणार नसेल तर जहाज चालून काय फायदा? मार्च-एप्रिलमध्ये समुद्रात छोट्या चाचण्या झाल्या. त्यातून मर्यादा ठरल्या: प्रोपेलरचे फेरे पुढे जाताना मिनिटाला १२०, मागे येताना ८०, वेग १४ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). जूनमध्ये खोल समुद्रात मोठ्या चाचण्या झाल्या. चालू असलेल्या तीन बॉयलरांभोवती पोलादी पट्टे आवळले होते आणि वाफेची गळती लगेच दिसावी म्हणून निरीक्षणाच्या खिडक्या बसवल्या होत्या. जूनअखेर जहाज कामगिरीसाठी मोकळं झालं, १४ नॉटच्या अटीवर.

आता ती अर्धी खरी ओळ. वाचणाऱ्याला वाटतं, चारातला एक गेला म्हणून जहाज मंदावलं. जरा हिशेब करू. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते. विक्रांतची यंत्रं ४०,००० अश्वशक्तीची, पूर्ण वेग २५ नॉटच्या आसपास. एक बॉयलर गेला तर उरली ३०,०००, आणि तेवढ्यात जहाज २२ नॉटच्या वर सहज जातं. म्हणजे चौथ्या बॉयलरची किंमत फार तर दोन-अडीच नॉट. उलट १४ नॉटला सात हजार अश्वशक्तीही पुरते. मग तीन बॉयलर असताना १४ वर का थांबायचं?

कारण उरलेल्या तिघांवर भरवसा नव्हता. जहाज मंदावलं ते बंद पडलेल्या बॉयलरमुळे नाही, चालू असलेल्यांमुळे. खालची मुलगी हे ऐकून वहीत काही खोडायला लागली तेव्हा मला बरं वाटलं.

याला आम्ही डीरेट करणं म्हणतो. २१० मेगावॉटचं युनिट, पण पंख्याचा बेअरिंग तापतोय, तर १५० वर चालव. यंत्र चालू की बंद एवढाच प्रश्न विचारणारा साहेब मेंटेनन्सला नकोसा असतो. किती लोडवर, किती वेळ, आणि काय दिसलं की बंद करायचं, हे विचारणारा हवा. विक्रांतच्या बाबतीत १२० फेरे, पट्टे आणि खिडक्या ही तिन्ही उत्तरं त्या तीन प्रश्नांची आहेत. त्यातल्या खिडक्या मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतात. पट्टा बांधणारा म्हणतो, फाटणार नाही. खिडकी बसवणारा म्हणतो, फाटेल कदाचित, मला आधी कळू दे.

तरीही मी या निर्णयावर पूर्ण खूश नाही. विक्रांतला युद्धावर न्यावं की नाही यावर नौदलात मतभेद होते. पाकिस्तानकडे डाफ्ने जातीच्या तीन पाणबुड्या होत्या आणि १४ नॉटचं जहाज पाणबुडीला बसल्या बैठकीचं सावज. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी ताफ्याचे ऑपरेशन्स अधिकारी कॅप्टन हिरानंदानी यांचं मत विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं ते साधारण असं: १९६५ मध्ये जहाज बंदरात बसलं, आता पुन्हा बसलं तर लोक त्याला पांढरा हत्ती म्हणतील आणि नौदलाचं हवाई दळच निकालात निघेल, म्हणून विमान उडालं नाही तरी चालेल, जहाज समुद्रात दिसलं पाहिजे. हे वाचून मी अडखळलो. इज्जतीसाठी यंत्र चालवणं मी नोकरीत पाहिलंय आणि त्याचे परिणामही पाहिलेत. फरक एवढाच की इथे इज्जतीचा मुद्दा मांडणारे आणि चाचणीचे आकडे लिहिणारे दोघंही एकाच जहाजावर पैज लावत होते, आणि आकडे लिहिणाऱ्यांना घाई करायला लावल्याचं दिसत नाही. मार्च ते जून, चार महिने त्यांना मिळाले.

१४ नॉटवर स्क्वाड्रनच्या वाट्याला काय आलं

१४ नॉट म्हणजे ताशी २६ किलोमीटर. संध्याकाळी सीताबर्डीतून स्कूटर जाते तेवढा वेग. वैमानिकासाठी हा आकडा दोनदा डोकं वर काढतो.

उतरताना आधी. समजा विमान हवेतून ११० नॉटने येतंय आणि समुद्रावर वारा अजिबात नाही. जहाज २५ ने पळत असेल तर डेकच्या हिशेबाने विमान ८५ ने येतं. जहाज १४ नेच पळत असेल तर ९६ ने. अकरा नॉटचा फरक, पण तारेला जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वापटीहून जास्त. तोच हूक, तीच तार, तीच डेकची लांबी.

उडतानाची गोष्ट जवळून बघण्यासारखी. सी हॉकच्या पोटाखालून पोलादी दोराचा फास कॅटपल्टच्या शटलला अडकवतात. मागे विमान धरून ठेवायला एक होल्डबॅक असतो. त्यातली कडी ठरावीक ओढीलाच तुटेल अशी मोजून बनवलेली. वैमानिक इंजिन पूर्ण उघडतो, विमान थरथरतं पण जागचं हलत नाही. वाफ सुटते, ओढ वाढत जाते, कडी तुटते आणि दोन-तीन सेकंदांत विमान डेकच्या टोकापलीकडे. टोकावर जो वेग मिळाला त्यात समोरचा वारा मिळवला की जो आकडा येतो तो विमानाच्या वजनाला पुरायला हवा. वारा कमी पडला तर दोनच वाटा: वाफ वाढवा किंवा वजन कमी करा. वाफ वाढवण्यावर मर्यादा आलेली, म्हणजे बॉम्ब आणि इंधन यांच्यात घासाघीस.

४ डिसेंबर १९७१ रोजी आठ सी हॉकनी कॉक्स बझारवर हल्ला केला तेव्हा विक्रांत किनाऱ्यापासून ६० सागरी मैलांवर होती. म्हणजे ११० किलोमीटर, नागपूरहून निघून साकोलीच्या जरा पुढे. जेटसाठी हे अंतर म्हणजे काहीच नाही. इतकं जवळ जाण्याची कारणं अनेक असतील, पण जवळ गेल्याने टाकीत इंधन कमी लागतं आणि तेवढं वजन वाचतं, हे माझ्या बॉयलरवाल्या डोक्याला लगेच पटलं. जवळ जाता आलं याचंही कारण आहे. विक्रांत अंदमानात दडवून ठेवली होती, तिला शोधायला निघालेली गाझी पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली, आणि त्या किनाऱ्यावर विक्रांतच्या मागे धावू शकेल असं मोठं आरमार पाकिस्तानकडे नव्हतं. १४ नॉटचं जहाज पूर्वेला पाठवण्यातली अक्कल ती हीच. पश्चिमेला कराचीसमोर तेच जहाज नेण्याची कल्पना करून बघा.

त्याच दिवशी संध्याकाळी चितगाव बंदर. पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला, पुन्हा कॉक्स बझार, १४ तारखेला चितगावची छावणी. सोबतीला ३१० स्क्वाड्रनची अलिझे विमानं होती. ३०० चे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता आणि विक्रांतचे कॅप्टन स्वराज प्रकाश या दोघांनाही महावीरचक्र मिळालं. बॉयलर रूममधल्यांची नावं मी शोधत बसलो, पण ती अशा ठिकाणी सापडत नाहीत.

नंतर

पुढची पंचावन्न वर्षं मी भराभर सांगतो, कारण एका धाग्यापुरतीच मला ती हवी आहेत. सी हॉक १९७८ मध्ये विक्रांतवरून गेले. डिसेंबर १९८३ मध्ये अरुण प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली पहिले तीन सी हॅरियर ब्रिटनहून उडत गोव्यात दाबोळीला आले. ३०० चा आकडा तोच राहिला आणि कॅटपल्टची गरज संपली. हॅरियर छोट्या धावेवर उडतं, उतरताना सरळ खाली येतं, तार नको, हूक नको. १९८७ ते १९८९ च्या कामात विक्रांतच्या नाकाशी स्की-जंपचा चढ आला. स्क्वाड्रन वाफेच्या तावडीतून सुटलं, असं मी मुलीला म्हणालो. घाई झाली.

११ मे २०१६ रोजी गोव्यात सी हॅरियरना निरोप दिला आणि ३०० ला मिग-२९के मिळाली. त्यांचं घर विमानवाहू नौका विक्रमादित्य. आणि विक्रमादित्यला आठ बॉयलर! २०१२ च्या चाचण्यांत त्यातले सात बिघडले. ॲस्बेस्टॉस नको म्हणून आतलं इन्सुलेशन विटांचं केलं होतं, ते टिकलं नाही, आणि जहाज एक वर्ष उशिरा, १६ नोव्हेंबर २०१३ रोजी नौदलात आलं. रिफ्रॅक्टरी, म्हणजे आगीला तोंड देणारं हे आतलं अस्तर ढासळलं की काय होतं ते आमच्या खात्यातल्या कोणालाही विचारा.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत आलेल्या नव्या विक्रांतमध्ये मात्र चार गॅस टर्बाइन आहेत. बॉयलर नाही, ड्रम नाही. तिच्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एम विमानांचा करार झाला. राफेल बनवणाऱ्या दासो कंपनीचा एक कारखाना आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये आहे. तिथे फाल्कन विमानांचे भाग होतात. समुद्र नसलेल्या गावाला एवढा शेजार पुरे.

वही परत देताना मुलीने विचारलं, “काका, जून ७१ मध्ये तुमच्यासमोर कागद आला असता तर सही केली असती का तुम्ही?”

मी म्हटलं, पट्टे हाताने तपासले असते, खिडकीपाशी कोण उभा राहणार ते विचारलं असतं.

“आणि मग?”

“मग त्याच्या शेजारी स्वतः उभा राहिलो असतो. सही दुसऱ्या दिवशी.”

तिने ते लिहून घेतलं नाही. म्हणाली, क्लासमध्ये पाच मिनिटंच देतात, घनाचा हिशेब आणि खिडक्या एवढंच बसेल. मी म्हटलं, तर्रीपोहे आण उद्या, घनाचा हिशेब पुन्हा एकदा करून घेऊ, कारण तिने वहीत २५ ऐवजी २४ धरले होते.